रबाळे कारखाना: राउटर बदली आणि इथरनेट पोर्टांची मांडणी

जागा: रबाळे एमआयडीसी, ठाणे-बेलापूर रोडलगतचा इंजिनिअरिंग कारखाना. खाली शॉप, वर ऑफिस. साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी, म्हणून लाइन तोडून करायची कामं शुक्रवारीच. जुना पाच पोर्टचा राउटर काढून मायक्रोटिक आरबी ४०११ बसवायचा आहे: एक-एक गिगाबिटचे दहा पोर्ट, वर फायबरसाठी एक एसएफपी-प्लस खाचा. बाहेरून दोन लाइन येतात. एक लीज्ड लाइन (फक्त आपल्यासाठी भाड्याने घेतलेली), एक ब्रॉडबँड.

सोमवार, २ जून

पाहणी. जुन्या राउटरच्या प्रत्येक पोर्टची नोंद घेतली: स्पीड, फुल डुप्लेक्स (दोन्ही टोकं एकदम बोलतात) की हाफ (एका वेळी एकच), मॅक पत्ता (पोर्टचा हार्डवेअर पत्ता), एररचे आकडे, समोर काय लागलंय. पोर्टवर चिकटवलेल्या लेबलांपैकी दोन चुकीची निघाली. लेबल वाचून नाही, वायर हाताने टोकापर्यंत नेऊनच यादी केली. वेळ लागतो, पण चालू लाइन उपटण्यापेक्षा बरं.

जुना राउटरही राउटरओएसवरचाच (मायक्रोटिकच्या राउटरांची प्रणाली) आहे. त्याची सेटिंग टेक्स्ट एक्सपोर्टने काढून घेतली. बॅकअप फाइल नव्या राउटरवर चढवायची नाही, कारण तिच्यात जुन्या पोर्टांचे मॅक पत्तेही असतात. ती चढवली आणि जुना राउटर पुन्हा कुठे त्याच नेटवर्कात लागला, तर एकच मॅक दोन जागी दिसायला लागतो आणि स्विच गोंधळतो. टेक्स्ट फाइलही आख्खी ओतायची नाही. वाचून, हवं तेवढंच उचलायचं.

ठरलेली मांडणी: पोर्ट १ लीज्ड लाइन, २ ब्रॉडबँड, ३ ऑफिसचा स्विच, ४ फक्त व्यवस्थापनासाठी, ५ ऑफिसचा वायफाय, ६ कॅमेऱ्यांचा पीओई (नेटवर्कच्या वायरीतूनच वीज देणारा) स्विच, ७ कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, ८ जुनं सीएनसी (संगणकाने चालणारं मशीन), ९ हजेरीचं यंत्र, १० रिकामा.

६ आणि ७ शेजारी ठेवण्यामागे कारण आहे. या राउटरच्या पोटात दोन स्विच चिप आहेत. १ ते ५ एकीवर, ६ ते १० दुसरीवर. एकाच चिपवरच्या दोन पोर्टांमधला माल सीपीयूला शिवत नाही. चिप ओलांडून जाणारा माल मात्र सीपीयूमार्गे जातो. कॅमेऱ्यांचा प्रवाह चोवीस तास चालतो, तो एकाच चिपवर राहिलेला बरा.

बुधवार, ४ जून

टेबलावर सेटिंग. सगळ्यात आधी पोर्ट ४ ब्रिजच्या (पोर्ट आपसात जोडणारा राउटरमधला स्विच) बाहेर काढून त्याला स्वतःचा पत्ता दिला, १९२.१६८.९९.१. पुढे काहीही बिघडलं तरी लॅपटॉप या पोर्टला लावून आत शिरता येतं. हे आधी करायचं. अडकल्यावर सुचून उपयोग नसतो.

मग पोर्टांना नावं. इथर१, इथर२ असंच ठेवलं तर सहा महिन्यांनी कुणालाच काही कळत नाही. नाव 'इथर१-लीज्ड', 'इथर६-कॅमेरा' असं, आणि कॉमेंटमध्ये वायर कुठून कुठे गेली ते.

व्हीलॅन (एकाच यंत्रणेवर वेगळी ठेवलेली नेटवर्कं) तीन: १० ऑफिस, २० कॅमेरे, ३० मशीन. एकच ब्रिज. क्रम असा:

१. विनबॉक्समध्ये (राउटर सेट करायचा प्रोग्रॅम) सेफ मोड चालू, म्हणजे संपर्क तुटला तर बदल आपोआप मागे फिरतात.
२. ब्रिज बनवला, व्हीलॅन फिल्टरिंगची टिक अजून नाही.
३. पोर्ट ब्रिजमध्ये घातले आणि प्रत्येकाला पीव्हीआयडी (त्या पोर्टचा व्हीलॅन नंबर) दिला: ३ आणि ५ ला १०, ६ आणि ७ ला २०, ८ आणि ९ ला ३०.
४. व्हीलॅन टेबलात तिन्ही नंबर लिहिले आणि प्रत्येकात ब्रिज स्वतः 'टॅग्ड' म्हणून, म्हणजे फ्रेमवर (डेटाच्या पाकिटावर) व्हीलॅनचा नंबर राखून, घातला.
५. व्हीलॅन इंटरफेस, पत्ते, डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणारी सेवा).
६. शेवटी फिल्टरिंगची टिक.

चौथ्या पायरीत ब्रिजला टॅग्डमध्ये घालायचं राहून जातं, ही हमखास होणारी चूक. पोर्ट-पोर्ट आपसात बोलतात, पण राउटरचा पत्ता कुणालाच मिळत नाही, डीएचसीपी गप्प बसतं. ब्रिज ही एकाच वेळी स्विचही आहे आणि त्या स्विचला लागलेला सीपीयूचा पोर्टही. सीपीयूचा तो पोर्ट व्हीलॅनचा सभासद नसेल तर फ्रेम त्याच्यापर्यंत येणारच नाही.

ब्रिजच्या पोर्ट यादीत प्रत्येक ओळीसमोर हार्डवेअर ऑफलोडचं (काम सीपीयूऐवजी स्विच चिप करते) 'एच' दिसतंय. आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट माल मागेल त्याच पोर्टला देणं) चालू करून पाहिलं तर हे 'एच' गेलं आणि सगळा भार सीपीयूवर आला. इथे त्याची गरज नाही. बंद.

पोर्ट १० ला पीओई-आउट आहे आणि तो पॅसिव्ह आहे. म्हणजे अडॅप्टर जेवढा व्होल्टेज देतो तोच थेट वायरीवर जातो, ८०२.३एएफ या पीओई मानकासारखी आधी ओळखपाळख होत नाही. ऑटो-ऑनमध्ये निदान रोध मोजून बघतो. फोर्स्ड-ऑनमध्ये तेही नाही. रिकाम्या पोर्टवर वीज नको, म्हणून ऑफ केला.

शुक्रवार, ६ जून

सुट्टीचा दिवस, अदलाबदल. लीज्ड लाइन पोर्ट १ वर घेतली. लाइनवाल्यांनी चार पत्त्यांचा तुकडा दिलाय: एक नेटवर्कचा, एक ब्रॉडकास्टचा, एक त्यांच्या टोकाचा, एक आपला. पत्ता टाकला, गेटवेला (त्यांच्या टोकाला) पिंग (उत्तर मागणारं छोटं पाकीट) लागला, एकही पॅकेट हरवलं नाही. पण मोठी फाइल वर चढवायला घेतली की चाल बैलगाडीची.

पिंग ठीक आणि फाइल रांगते, असं दिसलं की आधी डुप्लेक्स बघायचं. पोर्ट १ चा स्टेटस: रेट १०० एमबीपीएस, फुल डुप्लेक्स नाही. लिंक पार्टनर अॅडव्हर्टायझिंगची (समोरच्याला काय जमतं त्याची जाहिरात) ओळ रिकामी. स्टॅट्समध्ये टीएक्स लेट कोलिजनचा आकडा डोळ्यादेखत वाढतोय.

प्रकार असा. लाइनवाल्यांचा मीडिया कन्व्हर्टर (फायबर तांब्याच्या वायरीला जोडणारी पेटी) १०० फुलवर कुलूपबंद केलेला आहे, तो वाटाघाटीचे पल्स पाठवतच नाही. आपला पोर्ट ऑटोवर आहे, म्हणजे स्पीड आणि डुप्लेक्स समोरच्याशी वाटाघाटी करून ठरवतो. त्याला समोरून उत्तर आलं नाही तर सिग्नलवरून स्पीड ओळखता येतो, डुप्लेक्स ओळखता येत नाही. मग नियमाप्रमाणे तो हाफ धरतो. आता एका टोकाला वाटतं दोघांनी एकदम बोललं तरी चालतं, दुसऱ्याला वाटतं एकानेच बोलायचं. आपण फ्रेम पाठवत असताना समोरून फ्रेम आली की आपला पोर्ट टक्कर समजून मध्येच थांबतो. पहिले ६४ बाइट गेल्यावर झालेली टक्कर म्हणजे लेट कोलिजन. नीट जुळलेल्या लिंकवर ती होताच कामा नये. तिकडे त्यांच्या टोकाला आपली अर्धवट तुटलेली फ्रेम पोचते, म्हणून त्यांच्याकडे एफसीएस एरर (फ्रेमचा तपासणी आकडा न जुळणं) चढतात. पिंगची पाकिटं लहान आणि विरळ, त्यामुळे ती सहीसलामत सुटतात. म्हणूनच 'पिंग लागतोय ना, मग लाइन ओके' हे उत्तर इथे कामाचं नाही.

उपाय: पोर्ट १, इथरनेट टॅब, ऑटो निगोशिएशनची टिक काढली, स्पीड १०० एम फुल. लेट कोलिजन जागच्या जागी थांबलं, अपलोड लाइनच्या पूर्ण वेगाला पोचलं.

दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. काही यंत्रांवर स्पीड पक्का केला की ऑटो एमडीआय-एक्सही (वायर सरळ की क्रॉस ते आपोआप जुळवणं) बंद पडतं आणि सरळ वायरीवर लिंकच येत नाही. मग क्रॉस वायर लागते. इथे तशी वेळ आली नाही. दुसरी गोष्ट, ही तडजोड आहे. चांगलं उत्तर म्हणजे दोन्ही टोकं ऑटोवर. लाइनवाल्यांकडे तशी तक्रार नोंदवली. पण त्यांनी आपल्याला न सांगता परस्पर ऑटो केलं, तर हाच घोळ उलट बाजूने होईल: तेव्हा हाफ त्यांचं टोक धरेल. म्हणून पोर्टच्या कॉमेंटमध्ये '१०० फुल पक्का, समोरही पक्का' असं तारखेसह लिहून ठेवलं.

गिगाबिटवर हा प्रश्न बहुधा येत नाही. तांब्याच्या १००० बेस-टीला ऑटो निगोशिएशन सक्तीचं आहे, कारण घड्याळ कोणी धरायचं हेही त्यातच ठरतं. 'गिगाबिटला ऑटो बंद करा' असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये.

सोमवार, ९ जून

ब्रॉडबँड, पोर्ट २. लाइनवाल्यांनी व्हीलॅन नंबर दिलाय, त्यावर पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने डायल करायची पद्धत). म्हणजे पोर्ट २ वर व्हीलॅन इंटरफेस, त्याच्यावर पीपीपीओई क्लायंट. पोर्ट २ ब्रिजमध्ये नाही.

डायल होईना. युजरनेम-पासवर्ड बरोबर, पण समोरून उत्तरच येत नाही. खाते जुन्या राउटरच्या मॅकला बांधलेलं होतं. दोन मार्ग: फोन करून बांधणी सोडवून घ्यायची किंवा जुना मॅक पोर्ट २ ला टाइप करायचा. फोनवर वाट बघायची नव्हती, जुना मॅक टाकला. जुना राउटर आता या लाइनला कधीही लावायचा नाही, असं त्याच्या पाठीवरच मार्करने लिहिलंय.

डायल झालं तरी ऑफिसला इंटरनेट नाही. डब्ल्यूएएन (बाहेरच्या बाजूच्या) इंटरफेस लिस्टमध्ये पोर्ट २ होता, पीपीपीओई नव्हता. नॅटचा (आतले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे नेण्याचा) नियम त्या लिस्टवर बेतलेला, म्हणून नॅट लागत नव्हतं. इंटरनेट ज्या इंटरफेसने बाहेर जातं तो लिस्टमध्ये हवा, वायर ज्यात खुपसली तो नव्हे.

एमटीयू (एका पाकिटात मावणारे जास्तीत जास्त बाइट): इथरनेटचे १५००, त्यातले ८ पीपीपीओईच्या मथळ्यात गेले, उरले १४९२. तपासायचं ते 'तुकडे करू नका' असं सांगून पिंग टाकून. विंडोजच्या पिंगमध्ये आकार १४६४ द्यायचा आणि राउटरच्या पिंगमध्ये १४९२. विंडोज फक्त आतला माल मोजतं, आयपी आणि आयसीएमपी मथळ्यांचे २८ बाइट धरत नाही. या फरकामुळे दोघे जण तासभर वाद घालू शकतात. प्रोफाइलमध्ये टीसीपी एमएसएस (मथळे वगळून एका पाकिटातला डेटा) बदलण्याचा पर्याय 'येस' आहे ना ते पाहिलं. तो नसला की काही सायटी उघडतात, काही अर्ध्यावर लटकतात, आणि दोष ब्राउझरला दिला जातो. एमएसएस १४५२ दिसतोय, म्हणजे १४९२ उणे ४०.

शुक्रवार, १३ जून

कॅमेऱ्यांचा स्विच, पोर्ट ६. दोन्ही टोकं गिगाबिट, लिंक मात्र १०० ची. स्टेटसमध्ये आपणही १००० ची जाहिरात करतोय, समोरचाही करतोय, तरी रेट १००. दोघांनाही हवंय पण जमत नाही, असं दिसलं की सेटिंगला हात लावायचा नाही. दोष वायरीत असतो. १०० ला दोनच जोड्या पुरतात, पिना १, २, ३ आणि ६. गिगाबिटला चारही लागतात. निळी किंवा तपकिरी जोडी गेली की बऱ्याच चिप मुकाट्याने १०० वर उतरतात.

टेस्टरवर सातवा दिवा लागला नाही. पिन ७, तपकिरी-पांढरी. शॉपच्या टोकाचा प्लग कापून भिंगाखाली धरला. सात तारा प्लगच्या टोकापर्यंत भिडलेल्या, तपकिरी-पांढरी मात्र दीड-दोन मिलिमीटर अलीकडेच थांबलेली. प्लगच्या पात्याने नुसतं प्लास्टिकचं आवरण दाबलं होतं, तांब्यात दात रुतलाच नव्हता. काही दिवस टेकून चालली असेल, शॉपच्या थरथरीने सुटली.

नवा प्लग: बाहेरचं आवरण साधारण २५ मिमी सोललं, तारा बी क्रमाने लावल्या. नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. मग एका रेषेत कापून सुट्या तारा १२ मिमीच ठेवल्या. पीळ १३ मिमीपेक्षा जास्त उलगडायचा नाही. बाहेरचं आवरण प्लगच्या आतल्या चिमट्याखाली गेलंच पाहिजे, नाहीतर ओढ थेट तारांवर येते. प्लग क्रिंप केल्यावर (दाबून बसवल्यावर) समोरून बघायचं: आठही तांब्याची टोकं चमकली पाहिजेत.

लिंक १०००. पण स्वस्त दिव्यांचा टेस्टर फक्त सलगता सांगतो. तारा सरळ असूनही जोड्या फोडलेल्या असतील (एकत्र पिळलेल्या तारा वेगवेगळ्या जोड्यांच्या पिनांवर) तर तो आठही दिवे लावून मोकळा होतो. म्हणून पुढचा अर्धा तास पोर्ट ६ चे एफसीएस एरर बघितले. शून्य.

हीच वेळ साधून गेटच्या कॅमेऱ्याची वायर तपासली, कारण तो रात्री इन्फ्रारेड लागला की रीस्टार्ट होतो. वायर सुमारे ६० मीटर. लांबच्या टोकाला एका जोडीच्या दोन्ही तारा पिळून एकत्र केल्या आणि अलीकडून मल्टिमीटरने रोध मोजला. २४ गेजच्या खऱ्या तांब्याची ६० मीटरची जोडी जाऊन-येऊन १० ओहमच्या आसपास दाखवते. इथे १६. ब्लेडने तार खरवडली, आतून पांढरी. म्हणजे अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. डेटाला कशीबशी चालते, पीओईला व्होल्टेज खाते. वायर बदलायच्या यादीत. बिलावर 'कॉपर' लिहिलं असलं तरी पेटी घेताना खरवडून बघावी.

मंगळवार, १७ जून

सीएनसी, पोर्ट ८. कंट्रोलर जुना, १० एमबीपीएस हाफ, वाटाघाटी करत नाही. इथे ऑटोचा तोच नियम आपल्या बाजूने काम करतो: समोरून उत्तर नाही, स्पीड १० ओळखला, डुप्लेक्स हाफ धरला, आणि समोरचाही हाफच. जुळलं. 'फुल जास्त चांगलं' म्हणून कुणी हा पोर्ट फुलवर पक्का केला तर प्रोग्रॅम अर्ध्यात तुटतील. जाहिरातीत फक्त १० एम हाफ ठेवून बाकी टिका काढल्या. साधे कोलिजन दिसतात, ते हाफमध्ये होणारच. लेट कोलिजन शून्य आहे, तेवढं पुरे.

ही वायर स्पिंडल ड्राइव्हच्या पॉवर केबलला चिकटून बांधलेली होती. सोडवून फूटभर लांब नेली, जिथे ओलांडावी लागते तिथे काटकोनात. एफसीएस एरर थांबले.

पोर्ट ९, हजेरीचं यंत्र. १०० फुल, ऑटो. काही नाही.

शुक्रवार, २० जून

एक लाइन पडली की दुसरी लागते का, याची चाचणी. पोर्ट १ ची वायर उपटली, लगेच ब्रॉडबँडवर गेलं. हे फसवं आहे. खरा बिघाड बहुतेकदा बाहेर, फायबरवर होतो आणि कन्व्हर्टरचा तांब्याचा पोर्ट तसाच चालू राहतो. मग कन्व्हर्टरची फायबर काढून पाहिली: पोर्ट १ चा दिवा हिरवाच, राउटरला वाटतं सगळं आलबेल, ऑफिस मात्र बंद. फायबरचा दोष तांब्याच्या पोर्टपर्यंत पोचवायची सोय या कन्व्हर्टरवर एकतर नाही किंवा बंद आहे.

म्हणून रूट असे बदलले की तपासणी लाइनपलीकडच्या पत्त्याची होईल. बाहेरच्या एका पत्त्यासाठी, ८.८.८.८ साठी, लीज्ड लाइनच्या गेटवेतून वेगळा रूट, स्कोप १०. मुख्य डिफॉल्ट रूटचा गेटवे ८.८.८.८, टार्गेट स्कोप ११ (म्हणजे हा गेटवे आधीच्या रूटवरून शोधला जातो), चेक गेटवे पिंग, डिस्टन्स १ (लहान आकड्याला आधी पसंती). ब्रॉडबँडचा डिफॉल्ट रूट डिस्टन्स २. पिंग दर १० सेकंदांनी जातो, दोनदा उत्तर आलं नाही की रूट बाद. पुन्हा फायबर काढली, वीसेक सेकंदांत गाडी दुसऱ्या रुळावर.

एक काटा यात लपलेला असतो. तपासणीचा पत्ता कायम लीज्ड लाइनलाच बांधलेला आहे. तोच पत्ता ऑफिसला डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सेवा) म्हणून दिला असेल तर लाइन पडल्यावर इंटरनेट दुसरीकडून चालू असूनही नावं उघडत नाहीत. डीएचसीपीमध्ये डीएनएस राउटरचा स्वतःचा दिला, राउटरला वर दुसरे पत्ते.

शुक्रवार, २७ जून

आठवडाभर पाऊस. लॉगमध्ये पोर्ट ३ वर लूप प्रोटेक्टची नोंद, पोर्ट पाच मिनिटं बंद. ऑफिसात टेबलाखालच्या छोट्या स्विचमध्ये एकाच पॅचकॉर्डची दोन्ही टोकं लावलेली सापडली. लूप प्रोटेक्ट पोर्ट ३, ५ आणि ६ वर चालू आहे. दर ५ सेकंदांनी तो स्वतःचं पाकीट पाठवतो, ते परत आलं की पोर्ट पाडतो. नसतं तर ऑफिसातला हा गोंधळ राउटरपर्यंत पोचला असता.

गेटच्या कॅमेऱ्याची नवी तांब्याची वायर टाकली. जुना प्लग काढला तेव्हा दोन पिना हिरव्या पडलेल्या. ओल आणि पीओईचा व्होल्टेज एकत्र आले की पिनांचा मुलामा जातो आणि खालचं तांबं खातं. खाडीकाठच्या हवेत हे लवकर होतं. नवा जोड प्लास्टिकच्या बंद डबीत, ग्लँड (वायर आत शिरायची घट्ट बुची) खालच्या बाजूला, आणि वायर डबीत शिरण्याआधी खाली झोळ देऊन, म्हणजे पाणी झोळावरून टपकून जातं. पिनांवर डायइलेक्ट्रिक ग्रीस. उघड्यावरच्या वायरीला सर्ज प्रोटेक्टर बसवला, त्याचं अर्थिंग पत्र्याच्या शेडला नाही, अर्थ पट्टीला.

शुक्रवार, ४ जुलै

आकडे पाहिले. पोर्ट १ लेट कोलिजन शून्य. पोर्ट ६ १००० फुल, एफसीएस शून्य, लिंक डाउन एकदा, तेही २७ तारखेला स्विच बंद केला तेव्हाचं. पोर्ट ८ साधे कोलिजन, बाकी स्वच्छ. गेटचा कॅमेरा आठवडाभर रात्री रीस्टार्ट झालेला नाही.

टेक्स्ट एक्सपोर्ट आणि बॅकअप दोन्ही पेनड्राइव्हवर, राउटरच्या कपाटात. पोर्टांची यादी छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवली.

बाकी: लीज्ड लाइनच्या कन्व्हर्टरवर ऑटो करून देतो असं उत्तर आलंय, दिवस कळवलेला नाही. ते करताना त्यांचा माणूस आणि आपला माणूस फोनवर एकाच वेळी हवेत, आधी त्यांचं टोक, लगोलग आपलं. पोर्ट १० बंदच.